उंबरठ्यावरची पेटी कोणाची?

(व्यापाऱ्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'लॉकर' हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांपुढे बँकेचे तळघर, दोन किल्ल्या आणि घरातले सोने उभे राहते. आजच्या विषयातील लॉकर त्याहून अगदी निराळे आहे. त्यात वस्तू वर्षानुवर्षे जपून ठेवायची नसते. ती एक-दोन दिवसांत बाहेर पडावी, यातच त्याची सार्थकता असते. लोखंडी कपाटासारखी एक रचना, तिला लहानमोठे अनेक कप्पे आणि मध्यभागी एक पडदा. ग्राहकाने घरबसल्या मागवलेली वस्तू दुकानातील नोकर किंवा कुरिअरवाला एका कप्प्यात ठेवतो. ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक अंक येतात. ते अंक पडद्यावर दाबले की नेमका तोच कप्पा उघडतो. कोणता कप्पा किती वाजता उघडला, याची नोंद यंत्रात राहते. 'वस्तू मिळालीच नाही' हा वाद त्यामुळे बराचसा मिटतो.

या व्यवस्थेचा जन्म वाहतुकीच्या गणितातून झाला. शंभर पार्सले शंभर दारांशी न्यायची, तर पत्ता शोधणे, जिने चढणे, कुलूप दिसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायपीट करणे, हे सारे ओघाने आले. गोदामापासून शहरापर्यंतच्या लांब प्रवासापेक्षा गल्लीपासून दारापर्यंतचा हा अखेरचा टप्पाच अधिक खर्चाचा ठरतो. तीच शंभर पार्सले एका ठिकाणच्या कप्प्यांत ठेवली, तर एका फेरीत काम होते. उरलेला टप्पा ग्राहक आपल्या सवडीने, कामावरून परतताना स्वतःच पार करतो.

पोलंड देशाने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. सुमारे पावणेचार कोटी वस्तीच्या या देशात 'इनपोस्ट' या खासगी टपाल कंपनीने 2009 साली अशी कपाटे उभारण्यास आरंभ केला. 2023 अखेर तेथे तिची वीस हजारांहून अधिक कपाटे झाली होती. त्यांपैकी पुष्कळशी किराणा दुकानांच्या भिंतींलगत, वाहनतळांच्या कडेला उभी आहेत. पार्सल घ्यायला आलेला माणूस दूध-पाव घेऊन जातो, हा त्यामागील सरळ हिशेब.

येथेच दुकानदाराने सावध व्हायला हवे. दूध-पाव विकणाऱ्याच्या दारी पुस्तकाचे पार्सल आले, तर त्याचे काही बिघडत नाही. परंतु पुस्तक विकणाऱ्याच्या दारी दुसऱ्याने विकलेले पुस्तक आले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत अॅमेझॉनने 2011 साली आपले लॉकर बसविण्यास प्रारंभ केला. पुढे लेखनसाहित्य आणि कार्यालयीन वस्तू विकणाऱ्या 'स्टेपल्स' आणि विद्युत उपकरणे विकणाऱ्या 'रेडिओशॅक' या दोन दुकानमालिकांनी ते आपल्या दुकानांत ठेवून घेतले. लॉकरच्या निमित्ताने ग्राहक आत येईल आणि आणखी काही घेऊन जाईल, अशी अपेक्षा होती. परंतु कार्यालयीन वस्तू काय, विद्युत उपकरणे काय, दोन्ही अॅमेझॉनही विकत होती. ग्राहक यायचा तो प्रतिस्पर्ध्याचे खोके उचलण्यासाठी! 2013 साली दोन्ही मालिकांनी ही व्यवस्था थांबविली. आपला उंबरठा आपणच प्रतिस्पर्ध्याला भाड्याने देण्याचा तो प्रकार होता.

याच्या नेमके उलट उदाहरणही अमेरिकेतच सापडते. बांधकाम आणि घरदुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या 'होम डेपो'ने आपल्या दुकानांच्या प्रवेशद्वाराशी लॉकर बसविले, पण त्यांत माल ठेवला तो स्वतःचा. ग्राहक संगणकावर मागणी नोंदवितो आणि दुकानात येऊन नेतो. त्याला रांगेत उभे राहावे लागत नाही, गल्ल्यावरचा माणूस अडकून पडत नाही आणि माल घरी पोहोचविण्याचा खर्चही वाचतो. नळ न्यायला आलेल्या गवंड्याला सीलबंद टेपची आठवण तेथेच होते. ही आठवण संगणकाच्या पडद्यापुढे होईलच असे नाही. लॉकर तेच, परंतु कप्प्यात कोणाचा माल आहे यावर लाभ-हानीचे पारडे फिरते.

म्हणजे आपला माल असला की यश निश्चित, असेही समजू नये. 'वॉलमार्ट'ने 2017 पासून आपल्या दुकानांत सुमारे सोळा फूट उंचीची स्वयंचलित यंत्रे बसविली होती. संकेतांक दाखवताच यंत्र वस्तू बाहेर देत असे. अशी दीड हजारांवर यंत्रे बसली. पण करोनाच्या काळात ग्राहक गाडीतून न उतरताच सामान घेण्यास सरावला आणि 2021 च्या सुमारास ही यंत्रे हटविण्यास सुरुवात झाली. यंत्र भव्य होते; ग्राहकाची सवय मात्र बदलली होती.

वर्दळ वाढणे म्हणजे विक्री वाढणे नव्हे, हाही धडा घेण्यासारखा आहे. 'कोल्स' ही कपड्यांची दुकानमालिका 2019 पासून अमेरिकेतील आपल्या जवळजवळ सर्व दुकानांत अॅमेझॉनचा परतीचा माल स्वीकारू लागली. 2020 मध्ये या मार्गाने वीस लाख नवे ग्राहक आल्याचे कंपनीने सांगितले. तरीही 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षांत तिची विक्री घटली. आलेला पाहुणा गिऱ्हाईक होतोच असे नाही. त्याला गिऱ्हाईक करण्याचे कौशल्य दुकानदाराचेच असावे लागते.

मग आपल्याकडील दुकानदाराने काय करावे? आपल्या किराणा दुकानदाराचा मुलगा आजही सायकलवरून सामान घरपोच देतो, तेथे महागड्या कपाटाची निकड नाही. परंतु जेथे पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि दुपारी दाराला कुलूप असते, त्या वस्तीतील औषधविक्रेता, पुस्तकविक्रेता किंवा वाण्याला असे कपाट उपयोगी पडू शकते. रात्री नऊला शटर ओढल्यावरही भिंतीतल्या कप्प्यातून ग्राहकाला आपला माल नेता येतो. एकट्याला खर्च झेपत नसेल, तर एकाच गल्लीतील पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक कपाट घ्यावे. मात्र औषधांसारख्या वस्तूंना उष्णता आणि कायदा या दोहोंची बंधने असतात, त्यांचा विचार आधी झाला पाहिजे.

कपाट कोठे ठेवायचे, हाही विचार हवा. बाहेर ठेवले तर ते चोवीस तास खुले राहील, पण ग्राहक दुकानात पाऊल टाकणार नाही. आत ठेवले तर तो मालासमोरून जाईल, पण दुकानाच्या वेळेचे बंधन येईल. ज्याचा व्यवसाय सोयीवर चालतो त्याने बाहेर ठेवावे. ज्याचा व्यवसाय माल पाहून घेण्यावर चालतो त्याने आत.

करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कप्प्यातला माल कोणाचा? ग्राहकाचे नाव आणि क्रमांक कोणाकडे राहणार? आणि वीज, जागा, दुरुस्ती यांचा खर्च कोणाच्या माथी? यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वाण्याच्या वहीतली नावे हीच आजवर त्याची खरी पुंजी होती. कोणत्या घरी कधी लग्न आहे, कोणाला कोणता तांदूळ लागतो, हे त्याला ठाऊक असे. ती वही दुसऱ्याच्या हाती गेली, तर भिंतीवर कपाट राहील, दारात वर्दळही राहील, पण दुकान मात्र दुसऱ्याचे झालेले असेल. कपाट अवश्य आणावे; वही मात्र आपल्याच गल्ल्यात ठेवावी.