‘आता जगावंसं वाटत नाही’ असं कुणी म्हटलं तर…

आजचा विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. फक्त मध्ये काही फोन नंबर सांगणार आहे, तेवढे पोरांना लिहून घ्यायला सांगा.

साप चावला तर काय करायचं, बाईला कळा सुरू झाल्या तर कुणाला बोलवायचं, हे आपल्याला पाठ आहे. पण शेजारची जाऊबाई, नाहीतर घरातला कर्ता पुरुष एखाद्या संध्याकाळी म्हणाला, ‘आता जगावंसं वाटत नाही,’ तर? बहुतेक वेळा आपण म्हणतो, ‘असं अभद्र बोलू नये, लेकरांकडे बघ.’ आणि विषय बदलतो. यात वाईट हेतू नसतो. आपण घाबरतो, आणि पुढे काय करायचं ते माहीत नसतं. ते आज बोलू या.

आधी ओळखायचं कसं ते पाहू. या बाबतीत डॉक्टरांपेक्षा आपला बचत गट जास्त जवळ असतो. दर महिन्याला आपण एकमेकींना भेटतो. नेहमी हसणारी बाई तीन बैठका आली नाही, आली तरी कोपऱ्यात बसून राहिली. झोप नाही, जेवण नाही, कशात जीव लागत नाही. बाळंतीण आहे, पण बाळाकडे बघत नाही, सारखी रडते. गडीमाणूस असेल तर दारू वाढते, बोलणं कमी होतं, शेताकडे फिरकत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ‘आळस’ किंवा ‘नाटक’ म्हणून सोडू नका.

आणि काही खुणा त्याहून तातडीच्या आहेत. ‘माझ्यामागे पोरांचं बघाल ना?’ असं कुणी विचारतं. अचानक सगळी उसनवारी फेडतं, पासबुक बहिणीच्या हातात देतं, आवडती साडी देऊन टाकतं. आणि कधी कधी खूप दिवस तळमळणारं माणूस एकदम शांत होतं. आपल्याला वाटतं, बरं झालं, सावरली. ही शांतता नेहमी सावरल्याची असतेच असं नाही. तेव्हा जवळ जाऊन बसा.

गटांच्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो: ‘ताई, आपणच विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं आपण घातलं तर?’ तसं होत नाही. विचारल्याने कुणी जीव देत नाही, हे जगभरच्या तज्ज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. उलट, कुणीतरी सरळ विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. म्हणून आडून नको, सरळच विचारा. ‘तुला जीव द्यावा असे विचार येतात का? कसं करायचं तेही ठरवलंयस का?’ विचारताना सासू, नवरा समोर नकोत. पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, जिथे दोघीच असाल तिथे. मग ऐका. ‘माझंसुद्धा असंच झालं होतं’ म्हणून आपली कहाणी सुरू करू नका, देवाधर्माचा उपदेश नको, ‘भित्रीच आहेस’ हे तर नकोच. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घेऊ नका. म्हणा, ‘गावभर करणार नाही, पण मदतीसाठी एका-दोघांना सांगावं लागेल.’

ती ‘हो’ म्हणाली, तर त्या क्षणापासून तीन कामं करायची.

पहिलं, तिला एकटं सोडायचं नाही. रात्री कुणीतरी सोबत झोपायचं. हे आवेग लाटेसारखे येतात. काही तास, कधी काही मिनिटं ती लाट उंच असते, मग ओसरते. तेवढा वेळ सोबत मिळाली तर माणूस वाचतं.

दुसरं, घरातलं विष बाहेर काढायचं. फवारणीचं औषध, धान्यातल्या गोळ्या, उंदराचं औषध, सगळं. कपाटात वर ठेवून भागत नाही, लाट ओसरेपर्यंत दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायचं. ‘जीव द्यायचाच असेल तर माणूस कसाही देतो’ असं म्हणतात, पण ते खरं नाही. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. त्या काळात तिथे यादवी युद्धही होतं, लोकांची दुःखं संपली नव्हती. फक्त जहाल विष हाताशी राहिलं नाही. आपल्याकडे फवारणीचं औषध स्वयंपाकघराच्या मोरीत, पलंगाखाली असतं. ते एरवीसुद्धा कुलपातच हवं.

तिसरं काम फोनचं. नंबर लिहा: १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. याचं नाव टेलिमानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ही सेवा सुरू केली. फोन फुकट आहे, रात्री दोन वाजता केला तरी चालतो. आधी भाषा विचारतात, मराठी निवडायची. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांशी जोडून देतात आणि जवळचा सरकारी दवाखाना सांगतात. जिला त्रास आहे तिनेच करायला हवा असं नाही. ‘माझी भावजय असं बोलतेय, मी काय करू?’ असं तुम्हीही विचारू शकता. मात्र हा फोन सल्ल्याचा आहे, तिथून गाडी येत नाही. गाडी हवी तर १०८. कुणाच्या हातात हत्यार आहे, जिवाला लगेच धोका आहे, तर ११२.

आणि कुणी औषध घेतलंच असेल, तर एक मिनिटही घालवू नका. १०८ लावा, गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी करवायची नाही. ते विष वर येताना फुप्फुसात जाऊ शकतं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, एका कुशीवर वळवा. कपड्यांवर सांडलं असेल तर हाताला पिशवी बांधून कपडे काढा, अंग साबणाने धुवा. औषधाची बाटली किंवा पुडी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय घेतलं ते कळतं. ‘थोडंच घेतलंय, आता बरी आहे’ म्हणून घरी ठेवू नका. काही विषं उशिरा परिणाम दाखवतात.

इथेच घरातले अडतात. ‘केस होईल, पोलीस येतील, अब्रू जाईल.’ या भीतीपायी किती वेळ वाया जातो! म्हणून कायदा नीट समजून घ्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं ११५ वं कलम सांगतं की, जीव देण्याचा प्रयत्न करणारं माणूस मोठ्या ताणाखाली होतं असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंड संहितेत ३०९ कलमाखाली हा सरसकट गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम नाही. दवाखान्यात नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरं. जबाब म्हणजे शिक्षा नाही. डॉक्टरांपासून खरं लपवू नका, ‘चुकून पोटात गेलं’ सांगितलं तर मनाचा उपचार होतच नाही. आणि घरात मारहाण, छळ हे कारण असेल, तर तिला एकटीला जबाब देऊ द्या. १८१ या महिलांच्या नंबरवर फोन करा. अशा वेळी ‘समजूत काढून’ तिला त्याच घरात परत पाठवणं म्हणजे मदत नव्हे.

आता थोडं वेगळ्या आजाराबद्दल. एखाद्याला कानात आवाज येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, रात्र रात्र फिरतो, चिडून अंगावर येतो. घरचे म्हणतात, बाहेरचं आहे. मग देवऋषी, मग दर्गा, मग दोरीने बांधून ठेवणं. तमिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. त्यांना पळताच आलं नाही, पंचवीसहून अधिक माणसं जळून गेली. आज कायद्याच्या ९५ व्या कलमाने साखळीने बांधायला बंदी आहे. श्रद्धा असेल तर अंगारा लावा, कुणी अडवत नाही, पण दवाखाना थांबवू नका. अशा माणसाशी हळू आवाजात बोला, एकानेच बोला, घोळका करू नका. ‘तुला भास होतोय’ म्हणून वाद घालू नका. ‘तुला भीती वाटतेय ना, मी इथे आहे,’ एवढं पुरतं. कोयता, कुऱ्हाड आधी बाजूला करा. रस्त्यावर भटकणारं असं माणूस दिसलं तर पोलिसांना सांगा. त्याला कोठडीत टाकायचं नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं शंभरावं कलम सांगतं.

पूर्वी सरकारी मनोरुग्णालयं म्हटलं की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारच नावं होती. तिथे गेलं म्हणजे शिक्का बसला असं वाटे. आता बहुतेक माणसांना तिथे जावं लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे डॉक्टर, समुपदेशक आणि समाजसेवक असतात. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात हे पथक कोणत्या दिवशी येतं, ते आशाताईला नाहीतर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड नसलं तरी, हा उपचार फुकट मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. आणखी एक हक्क बायांनी लक्षात ठेवावा. ‘मी आजारी पडले तर माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल,’ असं कोणतंही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आधीच लिहून ठेवू शकतं. ती व्यक्ती नवराच हवा असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते.

दवाखान्यातून घरी आलं म्हणजे संपलं, असंही नाही. पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बाई आठ दिवसांत म्हणते, ‘काही फरक नाही,’ आणि गोळी सोडते. दुसरी बरं वाटलं म्हणून सोडते. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. या दिवसांत गटातल्या दोघींनी तिच्याकडे जात राहावं. चौकशीला नको, शेंगा फोडायला जा, तिचं दळण आणून द्या. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ नावाच्या कामात गावातल्याच साध्या माणसांना ऐकून घ्यायला आणि दवाखान्यापर्यंत पोचवायला शिकवलं. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात तेच काम वाढलं. त्यासाठी पदवी लागली नाही. गावातलं माणूस हवं होतं, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहायला हवी होती.

शेवटचं बोलणं आपल्या स्वतःबद्दल आहे, जरा कडू लागेल. गटाचा हप्ता थकला की आपणच चार जणी त्या बाईच्या दारात जाऊन बसतो. आवाज चढवतो, तिच्या सासऱ्याला ऐकू जाईल असं बोलतो. पैसा सगळ्यांचा आहे, मागायलाच हवा, मान्य. पण त्या दारात बसलेल्या चार जणींच्या मागे तिला काय दिसत असेल, याचा विचार करा. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात छोट्या कर्जांच्या वसुलीपायी आत्महत्या झाल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे: छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी बँकेने किंवा कंपनीने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. कंपनीला जे शोभत नाही, ते आपल्याला शोभेल का? हप्ता थकलेल्या बाईकडे जायचं तर एकटी जा, आणि पैशाआधी विचारा, ‘काय झालंय गं?’

मैत्रिणींनो, तिला बरं करणं आपलं काम नाही, त्याला डॉक्टर आहेत. लाट ओसरेपर्यंत सोबत राहायचं, विष दूर ठेवायचं आणि मदतीपर्यंत पोचवायचं, एवढं आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत दोन गोष्टी करा. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १४४१६, १०८, ११२ आणि १८१ हे नंबर लिहा. आणि रात्री-अपरात्री जिच्याकडे कुणीही जाऊ शकेल, जिच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणार नाही, अशा दोघी जणी ठरवा. आज हे ऐकताना कुणाला वाटलं असेल की ही माझीच गोष्ट आहे, तर बाई गं, उद्याची वाट बघू नकोस. शेजारणीला हाक मार, नाहीतर आत्ता तो नंबर लाव.