थोरांचे गुण पोरांना कसे सांगावेत?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)





समितीने मला विषय दिला आहे, ‘शाळकरी मुले आणि थोरांचे गुण’. मी काही मोठा वक्ता नाही. प्राथमिक शाळेचा मास्तर. सगळी नोकरी आपल्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत झाली. १४ एप्रिल, ११ एप्रिल, ३ जानेवारी आली की मुलांना भाषणे लिहून द्यायची, पाठ करून घ्यायची आणि स्पर्धेला उभे करायचे, हे काम मी वर्षानुवर्षे केले. माझी मुले नंबरही आणायची. तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, असे समितीला वाटले असेल. पण आज मी माझ्या नंबरांबद्दल नव्हे, माझ्या चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक घराघरांत होते, म्हणून सांगतो.

१९९४ सालची गोष्ट. जयंतीच्या आधी मी सातवीच्या वर्गाला बाबासाहेबांचे चरित्र सांगत होतो. फळ्यावर गुण लिहिले होते. जिद्द, चिकाटी, निर्भयता, स्वाभिमान. ‘बाबासाहेब कशालाही, कधीही, कुणालाही भ्याले नाहीत,’ असे मी मोठ्या आवाजात सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरची आपल्याच समाजातली एक मुलगी उभी राहिली. नाव सांगत नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. म्हणाली, “गुरुजी, बाबासाहेब ल्हान असताना त्यांना भ्या वाटायचं का?”

वर्ग हसला. मीही चिडलो. म्हणालो, “खाली बस. वाघाला कधी भीती वाटते का?”

ती खाली बसली. पुन्हा तिने कधी काही विचारले नाही.

जूनपासून तिला आठवीसाठी शेजारच्या गावाला पायी जायचे होते. वाट उसाच्या फडामधून. दोन महिने ती गेली आणि मग शाळा सुटली. मी घरी गेलो तर आई म्हणाली, “तिचंच मन लागंना.” मीही जास्त खोलात शिरलो नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

बांधवांनो, त्यानंतर काही वर्षांनी बाबासाहेबांचे एक छोटे आत्मकथन माझ्या वाचनात आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे त्याचे नाव. महाराष्ट्र शासनाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या बाराव्या खंडात ते आहे. त्यात पहिलीच हकीकत लहान भीमाची आहे. साल १९०१. वय नऊ-दहा वर्षांचे. आई हयात नाही. वडील रामजी सुभेदार नोकरीनिमित्त बाहेरगावी. सुट्टीत साताऱ्याहून भीमा, त्यांचे भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तर घ्यायला कोणी आलेले नाही. वडिलांच्या नोकराने पत्रच त्यांना दिले नव्हते. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळली आणि मागे सरकला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, असे ठरले.

रात्र झाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अंगावर दागिने. हा गाडीवान आपल्याला आडरानात नेऊन मारील की काय, असे मुलांना वाटू लागले. रात्री दहाच्या सुमारास ती पोरे रडू लागली. हे मी रचून सांगत नाही. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मग टोलनाका लागला. जेवणाचे डबे भरलेले होते, पण पाणी नव्हते. लहानगा भीमा त्या अंधारात नाकेदाराकडे गेला आणि उर्दूत बोलून त्याने पाणी मागितले. पाणी मिळाले नाही. सगळी पोरे उपाशी झोपली.

हे वाचले आणि माझ्या डोळ्यांसमोर मागच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. तिच्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्या हाताने लिहून ठेवले होते. होय बाळ, भीती वाटली होती. रडूही आले होते. आणि तरीही तोच मुलगा उठून पाणी मागायला गेला होता.

त्याच लिखाणात बडोद्याची हकीकत आहे. १९१७ साली, अमेरिकेत आणि लंडनला शिकून आलेला हा तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. राहायला कोणी जागा देईना, म्हणून जात लपवून एका पारशी खानावळीत उतरला. एके दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे बाबासाहेब लिहितात. पण ते तिथे थांबले नाहीत. मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

आता सांगा, ‘निर्भय’ हा एक शब्द फळ्यावर लिहून यातले काय समजते? काहीच नाही. उलट मुलाला वाटते, थोर माणसे जन्मतःच लोखंडाची असतात आणि आपण मातीचे. मग ते पोर फोटोला हार घालते, जयजयकार करते आणि मनातल्या मनात म्हणते, ‘हे आपल्याला जमायचे नाही.’ फोटो भिंतीवर राहतो आणि पोर सतरंजीवर.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की गुण सांगायचा तर प्रसंग सांगा, आणि पुरा सांगा. अडचण सांगा, भीती सांगा, मग त्या माणसाने काय केले ते सांगा.

आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणे घ्या. सावित्रीमाई शिक्षिका कशा झाल्या? शिक्षिका होण्याचे शिक्षण त्यांनी घेतले, त्यातला एक भाग इथे नगरला, मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंच्या संस्थेत. शेणगोळ्यांची गोष्ट प्रत्येक मूल सांगते. पण लग्नानंतर अक्षरे गिरवणारी ही बाई परक्या गावी येऊन शिकवण्याची पद्धत शिकली, हे किती मुलांना माहीत आहे? धैर्याच्या आधी तयारी असते, हा धडा नगरच्या मुलाला नगरमध्येच मिळतो.

दुसरे उदाहरण मुक्ता साळवेचे. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली शाळकरी मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. नगरला १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ने तो १८५५ साली छापला. वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या पोरीने त्यात केला. बाळंत होताना आमच्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते, हेही तिने लिहिले. मुलींनो, ती तुमच्यासारखीच शाळेत जाणारी होती. तिचा गुण कोणता? शूर म्हणा, हुशार म्हणा. मी म्हणेन, तिला प्रश्न पडला आणि तिने तो गिळला नाही. तिचा प्रश्न ऐकून घेणारी शाळा तिला मिळाली होती. माझ्या विद्यार्थिनीला ती मिळाली नाही.

तिसरे उदाहरण, जिच्या नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो ती अहिल्यादेवी. जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. मुलांना ‘पुण्यश्लोक’ हा शब्द पाठ असतो. पण पती गेले, सासरे गेले, मुलगा गेला, आणि त्यानंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने राज्याचा कारभार पाहिला, हे विचारले तर मुले एकमेकांकडे बघतात. विशेषण पाठ आहे, बाई माहीत नाही.

आता दुसरा मुद्दा. थोर कोणाला म्हणावे? बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या सभेत, याचाच विचार मांडला. प्रामाणिकपणा हवाच, बुद्धीही हवी. पण तेवढ्याने माणूस नामवंत होतो, थोर होत नाही. समाजाच्या भल्याची तळमळ ज्याला कामाला लावते आणि समाजातली घाण जो साफ करतो, तो थोर, असे त्यांचे सांगणे. व्यक्तिपूजेला तर त्यांनी त्याच भाषणात विरोध केला. तेव्हा आपल्या मुलांना आपण नुसते ‘मोठ्ठा साहेब हो’ म्हणतो, ते बाबासाहेबांच्या मापात बसत नाही. साहेब झाला आणि वस्तीकडे पाठ फिरवली, तर एक गुण कमी पडला. तो कमी पडला की बाकीच्यांना काय करायचे?

तिसरा मुद्दा आईवडिलांसाठी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल सत्काराची सभा झाली, तेव्हा दादा केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून भीमरावांनी वडिलांनाच विचारले, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता, बुद्धाचे का सांगितले नाही? वडिलांनी समजावले, की आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात कमीपणा येऊ नये. द्रोण आणि कर्ण खालून किती वर चढले ते बघ. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण बोलले एक आणि वागले दुसरेच, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले. आणि सुभेदारांनी काय केले? ते गप्प राहिले. मुलाच्या थोबाडीत मारली नाही.

बांधवांनो, त्या गप्प राहण्याची किंमत मला म्हातारपणी कळली. सुभेदार पलटणीतले, कडक शिस्तीचे गृहस्थ. पण मुलाचा प्रश्न त्यांनी दाबला नाही. ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून मान्य करू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपण हे विहारात ऐकतो आणि घरी पोराने ‘का?’ विचारले की डोळे वटारतो.

आपल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो, ही फार चांगली गोष्ट आहे. त्या वर्गासाठी माझ्या तीन सूचना आहेत. एका रविवारी एकच थोर व्यक्ती आणि तिच्या आयुष्यातला एकच प्रसंग घ्यावा. नंतर प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारावेत. अडचण काय होती? त्या माणसाने काय केले? आणि या आठवड्यात तू काय करशील? उत्तर छोटे चालेल. ‘रोज अर्धा तास न उठता वाचीन’ चालेल. ‘वर्गात ज्याला कोणी डब्याला बसवत नाही, त्याच्याजवळ बसेन’ हेही चालेल. आणि वक्तृत्व स्पर्धेत निम्मे गुण पाठांतराला ठेवा, निम्मे मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याला. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, शोधून सांगतो’ म्हणणाऱ्यालाही गुण द्या. तो प्रामाणिकपणाचा गुण आहे.

शेवटी त्या मुलीचे सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत एक बाई पाया पडायला वाकली. मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले. मी तिथेच तिला म्हणालो, “बाई, तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी उत्तर दिले नाही. बाबासाहेबांना भीती वाटायची.” आणि मसूरची सगळी हकीकत तिला सांगितली. ढोल-ताशे वाजत होते, तरी ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, त्या उसाच्या वाटंला टारगट पोरं आडवी यायची. मला वाटायचं, भित्र्या पोरींचं शाळेत काय काम? तवा ह्ये सांगितलं असतं, तर घरी आईला तरी बोलले असते.”

मला काही उत्तर देता आले नाही. आजही नाही. माझ्या हातून गेलेली तिची आठवी मी परत देऊ शकत नाही. तिने मात्र जाताना आपल्या मुलीला पुढे केले आणि म्हणाली, “हिला सांगा पुन्हा सगळं. ही आता नववीला हाय.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. ती पोरगी मध्येच दोनदा प्रश्न विचारून मला थांबवत होती. मी दोन्ही वेळा थांबलो.

बालमित्रांनो, आज घरी जाऊन आईवडिलांना एक प्रश्न विचारा. आणि आईवडिलांनो, आज त्यांना ‘खाली बस’ म्हणू नका.