संकेतस्थळाचा कारागीर निवडताना

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)



माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कारभाराची माहिती, कोणी मागण्याची वाट न पाहता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. फलक, दवंडी आणि ग्रामसभा ही त्याची जुनी साधने. त्यांच्या जोडीला आता संकेतस्थळ आले आहे. ते तयार करणारा माणूस कोणता निवडावा, हा प्रश्न केवळ दरपत्रकांचा नाही.

बहुतेक ठिकाणी तीन दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी दराचे स्वीकारले जाते आणि रंगीत मुखपृष्ठ पाहून देयक मंजूर होते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले गेले, हे मात्र कोणी विचारीत नाही. हे नाव कायमचे विकत मिळत नसते. शुल्क भरून ते ठरावीक मुदतीसाठी मिळते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. कारागिराने ते स्वतःच्या नावे नोंदविले, तर घर गावाच्या पैशाने बांधले आणि सातबारा गवंड्याच्या नावावर, अशी गत होते. तो दुसऱ्या धंद्यात गेला वा फोन उचलेनासा झाला, की नूतनीकरण राहून जाते. सुटलेले नाव मग कोणीही त्रयस्थ घेऊ शकतो, आणि गावाच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात! शासकीय संस्थांसाठी राखून ठेवलेले ‘गव्ह डॉट इन’ हे नाव खाजगी व्यक्तीस मिळत नाही. त्यासाठी कागदपत्रांचा खटाटोप करावा लागतो. पण तो करावाच. परवलीचे शब्दही कोणा एकाच्या खाजगी मोबाईलवर न ठेवता कार्यालयाच्या ताब्यात असावेत, म्हणजे अधिकाऱ्याची बदली झाली तरी काम अडत नाही.

कारागिराची पारख करण्याची एक सोपी रीत आहे. त्याने पूर्वी केलेली दोन-तीन संकेतस्थळे साध्या मोबाईलवर, गावात मिळेल त्या रेंजमध्ये उघडून पाहावीत. नंतर त्यांतील एखादा मराठी शब्द शोधून पाहावा. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो सापडतो. जुन्या फॉन्टमध्ये असेल, अथवा ठरावाचे छायाचित्रच चिकटविलेले असेल, तर बहुधा सापडत नाही. अंध नागरिकाला मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणालीही तेथे अडखळते. (तिरपे छायाचित्र असेल, तर डोळसांचेही हाल वेगळे नसतात.) भारत सरकारची शासकीय संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम निघाली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. संकेतस्थळ दिव्यांगांनाही वापरता यावे, यावर त्यांत विशेष भर आहे. ज्याने ही तत्त्वे कधी ऐकलीही नाहीत, त्याच्याशी पुढील बोलणी न केलेली बरी.

गावातीलच एखादा जाणता तरुण अनेकदा शहरातील मोठ्या संस्थेपेक्षा उपयोगी पडतो, कारण अडचण आली की तो येऊन उभा राहतो. मात्र तो एखाद्या सदस्याचा भाचा असेल, तर करार अधिकच काटेकोर असावा. वार्षिक देखभालीचा खर्च, मजकुराची प्रत आणि काम सोडताना सर्व हवाली करण्याची अट त्यात लेखी हवी. शेवटचा हप्ता मात्र कार्यालयातील लिपिकाने कारागिराच्या मदतीवाचून ग्रामसभेची सूचना स्वतः संकेतस्थळावर चढवून दाखविल्यानंतरच द्यावा.