मदतकार्यात जायचंय, मग पदवी कोणती घेऊ?

मागच्या भागानंतर बारावीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिला पूर, भूकंप, युद्ध अशा ठिकाणी जाऊन मदतीचं काम करायचंय. घरचे म्हणतायत इंजिनिअरिंग घे. तिच्या मनात आंतरराष्ट्रीय संबंध किंवा सोशल वर्क. "एकदा फी भरली की मागे फिरता येणार नाही, दादा," असं ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. बहुतेक घरांत एकाच पदवीपुरते पैसे असतात.

तर आधी काम कसं असतं ते बघू. समजा, दहा हजार माणसांची छावणी आहे. अशा कामासाठी 'स्फिअर' नावाचे जगभर वापरले जाणारे किमान निकष आहेत. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, म्हणजे झालं दीड लाख लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर रोज पंधरा खेपा. २० माणसांमागे एक संडास, म्हणजे पाचशे संडास. ते पाण्याच्या जागेपासून लांब हवेत, नाहीतर कॉलरा पसरायला वेळ लागत नाही. आता हे कोण करणार? जमीन आणि भूजल समजणारा, पंप दुरुस्त करणारी, गोदामाचा हिशोब ठेवणारा, नर्स, आहारतज्ज्ञ. 'मदत करायची इच्छा आहे' हे तिथे सगळ्यांचंच असतं हो. विचारतात ते, तुला येतं काय?

१९७१ साली सुरू झालेली 'मेदसां सां फ्रंतिएर' ही डॉक्टरांची संस्था म्हणून ओळखली जाते. पण तिला लॉजिस्टिक्सवाले, पाणी-स्वच्छतेचे इंजिनिअर आणि अकाउंटंटही लागतात. आणि साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभवही मागतात. म्हणजे पदवी हातात आली की थेट विमानात, असं होत नाही.

'रेडआर'ची गोष्ट तर अगदी याच मुद्द्याची आहे. पीटर गथ्री हा ब्रिटिश इंजिनिअर १९७९ मध्ये मलेशियात व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत काम करून आला. अशा वेळी चांगले इंजिनिअर पटकन मिळाले पाहिजेत म्हणून त्याने १९८० मध्ये ही संस्था काढली. तिची भारतातली शाखा आपल्या पुण्यात आहे, बरं का.

मग सोशल वर्क घेऊच नये का? तसं मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. नंतर कितीतरी गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की बांधली, पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रस्ते आणि ओळीत घरं. भावकीची शेजार-शेजारची घरं, अंगण, गुरं बांधायची जागा, हे त्या नकाशात नीट बसलं नाही. सिमेंटचं गणित चुकलं नव्हतं. गावाला विचारायचं कसं, हे ज्याला येतं असा माणूस तिथे हवा होता. ते शिकावं लागतं, आणि बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यूमध्ये तेच शिकवतात.

आंतरराष्ट्रीय संबंधांबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. विषय मस्त आहे, पण पहिली पदवी म्हणून फक्त तोच घेतला, तर छावणीत पहिल्या दिवशी हातात काय काम घेणार? तो नंतर करता येतो. मुंबईच्या 'टिस'मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तोही नंतरच.

म्हणून त्या मुलीला सांगेन, तुला गणित आणि यंत्रं आवडत असतील तर सिव्हिल किंवा पर्यावरण इंजिनिअरिंग घे. माणसांशी बोलायला आवडत असेल तर सोशल वर्क, आणि घरच्यांना किल्लारीचं उदाहरण दे. दोन्ही नको वाटत असेल तर नर्सिंग बघ, त्याकडे आपल्याकडे उगाच कमी लेखून बघतात. सोबत फ्रेंच किंवा अरबी सुरू कर. आणि हो, बरीच कामं काही महिन्यांच्या करारावर असतात, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आमच्या कोडवाल्यांनाही जागा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रामरांनी 'सहाना' हे मुक्त सॉफ्टवेअर बनवलं, हरवलेली माणसं आणि छावण्यांची नोंद ठेवायला. पण टँकर आला नाही तर ॲप काय करणार!

फी भरायच्या आधी एक करून बघा. फोनवर 'मॅपस्वाइप' घ्या. उपग्रहाच्या चित्रात घरं कुठे दिसतात ते खुणावायचं, म्हणजे मदतीसाठीचे नकाशे बनवणाऱ्यांना ते वापरता येतं. काम कंटाळवाणं आहे. आठवडाभर टिकलात तर मला व्हॉइस मेसेज टाका.