परग्रहावरचे जीव आणि देव : एका मुलीचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन आटोपल्यावर नववीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, "काका, देव कोणी पाहिला नाही म्हणून आपण तो मानत नाही. मग परग्रहावरची माणसं तरी कोणी पाहिलीत? शास्त्रज्ञ त्यांना कसे मानतात?" मंडळी हसली. आम्हीही हसून वेळ मारून नेली. पण घरी जाताना मनाला लागले. प्रश्न विचारा असे सांगणाऱ्या तथागतांच्या विहारात एका मुलीचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला! आज ते देणे फेडायचे आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे अमावास्येच्या रात्री लाईट गेली की आकाश कसे दिसते, ते तुम्हांला सांगायला नको. त्यातला जवळजवळ प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूर्यच. आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली पहिल्यांदा सापडला. आज अशा परक्या ग्रहांची संख्या ६,००० च्या घरात गेली आहे. मग त्यातल्या एखाद्यावर विचार करणारा जीव असेल का? असू शकेल. आहे का? आजपर्यंत एकही पुरावा नाही. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखून कोणी संदेश पाठवतो का, ते ऐकायला सुरुवात केली. तेव्हापासून साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, खात्रीचा संदेश एकही आला नाही.

आकाश ऐकायचे काम कसे चालते ते पाहायला अमेरिकेला जायला नको. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या डोंगरांत आपली बौद्ध लेणी आहेत, आणि त्याच तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. आम्ही मुलांना घेऊन गेलो, तर आधी मोबाईल बंद करायला सांगितले. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण की खिशातला फोनही त्यांना बुडवून टाकतो. ही दुर्बीण परग्रहवासी शोधायला बांधलेली नाही. पण २०१६ साली मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या यानाचा बारीक आवाज हिनेच टिपला होता.

मोबाईल बंद करण्यात एक शिकवण आहे. आकाशातून आवाज आला की आधी आपला खिसा तपासायचा! १९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून सव्वा-दीड सेकंदाला एक, असे घड्याळासारखे ठोके मिळाले. गमतीने त्यांना 'छोटी हिरवी माणसे' असे नाव पडले. पण त्यांनी गाजावाजा केला नाही, तपास केला. तो भराभर फिरणारा एक तारा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या एका दुर्बिणीला तर कित्येक वर्षे विचित्र लहरी मिळत होत्या. २०१५ साली उलगडा झाला. तिथलीच मंडळी जेवण गरम करताना मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार घाईने उघडत होती!

आता आपल्या मराठी माणसाचे उदाहरण घ्या. डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली आपल्याला सोडून गेले. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे मत असे की जीवसृष्टीचे बी अंतराळातून पृथ्वीवर आले. ते तपासायला नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. तीत सूक्ष्म जंतू सापडले. २००९ साली त्यांतल्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या आणि एकीला हॉईल यांचेच नाव दिले. गुरूचे मत खरे ठरले, असे म्हणण्याचा मोह केवढा असेल! पण त्याच वेळी स्पष्ट सांगण्यात आले की, हे जंतू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही. गुरूचा मान राखला आणि सत्याचाही राखला.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. फरक दिसण्या-न दिसण्यात नाही. पुरावा मिळाला नाही तर माणूस पुढे काय करतो, यात फरक आहे. नवस फळला तर देव पावला, नाही फळला तर आपली भक्ती कमी पडली. असा देव कधी हरत नाही, म्हणून त्याची परीक्षाही होत नाही. शास्त्रज्ञ 'असेल' म्हणतो, कुठे आणि कसे शोधणार ते आधी सांगतो, आणि नाही सापडले तर तेही सांगतो.

पण तुझा प्रश्न अर्धा खराही आहे. उडत्या तबकड्या येऊन गेल्याच, असे छातीठोक सांगणाऱ्याने देवाच्या जागी परग्रहवासी बसवला, एवढेच. आपलेही काहीजण म्हणतात की, सुत्तांमध्ये हजारो लोकधातूंचा उल्लेख आहे, म्हणजे बुद्धांना हे सगळे आधीच ठाऊक होते. ऐकायला गोड वाटते. पण मग पुष्पक विमानाच्या गोष्टीला आपण का हसतो? परंपरा सांगते, ग्रंथ सांगतो, गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपल्यालाही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या आणि आपल्या वाडवडिलांनी देव्हारे रिकामे केले. त्या रिकाम्या जागी नवा देव बसू नये, याची जबाबदारी आपली.

जग अनंत आहे की नाही, असे मालुंक्यपुत्ताने विचारले, तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस मरून जाईल. आपल्याकडे बाण म्हणजे पावसाळ्यातला साप. साप चावला की अजूनही कुणीकुणी आधी भगताकडे नेतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या कायद्याने, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरला आहे. ताऱ्यांचे प्रश्न पिढ्यान् पिढ्या थांबू शकतात, विष थांबत नाही. म्हणून आकाशाचा अभ्यास जरूर करा, पण साप चावला तर तडक सरकारी दवाखाना गाठा.

आणखी एक. कोट्यवधी किलोमीटरवर बुद्धिमान जीव असेल का, याची माणसाला केवढी उत्सुकता! आणि गावकुसाबाहेर, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला माणूस म्हणायला मात्र तो तयार नव्हता. ज्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, तिथे ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. उद्या आकाशातून कोणी उतरलेच, तर त्याला आधी पाणी देणार की जात विचारणार?

आपण रोज वंदनेनंतर सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंततो. दिसणाऱ्यांचे आणि न दिसणाऱ्यांचेही, दूरच्यांचे आणि जवळच्यांचेही. वर कोणी असेल तर त्यालाही ती मैत्री पोचो. नसेल, तरी आपले पंचशील तसूभर कमी होत नाही. सुरुवात मात्र शेजारच्या घरापासून करायची आहे.

त्या मुलीने पुढच्या वर्षावासातही असाच अवघड प्रश्न विचारावा. आम्ही हसणार नाही.