सातबारा ब्राउझरमध्ये पाहताना

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते, बारामध्ये तिच्यावरची पिके. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीत भातखाचर असो की नारळी-पोफळीची वाडी, एकेका उताऱ्यावर चुलते, भावंडे, आत्या अशी अनेक नावे असतात आणि त्यांतली कित्येक माणसे मुंबईला राहतात. उतारा पाहायचा तर त्यांना तलाठ्याची वेळ धरून गावी यावे लागे.

आता महाभूलेख संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून कोकण विभाग, रायगड जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा खातेदाराचे नाव दिले की उतारा पडद्यावर येतो. वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, मोबाइल पुरतो. ही प्रत विनामूल्य, पण केवळ माहितीसाठी असते. कचेरीत किंवा बँकेत डिजिटल स्वाक्षरीची प्रत चालते. ती १ मे २०१८ पासून मिळू लागली; तिला १५ रुपये शुल्क पडते. तिच्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून ती अस्सल आहे की नाही, हेही ब्राउझरमध्येच तपासता येते.

मोठा लाभ आहे तो फेरफाराच्या बाबतीत. खरेदीखत झाले, वारस लागले की आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस गावच्या चावडीवर लागे, तेव्हा परळला राहणाऱ्या सहहिस्सेदाराला ती कळेपर्यंत मुदत टळून जाई. 'आपली चावडी' या पानावर तीच नोटीस कोठूनही वाचता येते. अलिबागेत जमिनीचे व्यवहार इतके वाढले आहेत की खातेदाराने हे पान अधूनमधून पाहायलाच हवे.

'इतर हक्क' हा रकानाही नीट वाचावा. कर्जाचा बोजा तिथे दिसतो, कुळाचे नावही तिथेच असते. अलिबाग तालुक्यातील चरीचा, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा १९३३ चा शेतकरी संप कुळांच्या हक्कांसाठीच झाला होता.

जमिनीची प्रत्यक्ष हद्द मात्र उताऱ्यावरून कळत नाही, त्यासाठी मोजणीचा नकाशा लागतो. हस्तलिखितावरून संगणकात नोंदी घेताना नाव किंवा क्षेत्र चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.