साथीच्या दिवसांत वाणसामान किती भरावे?



24 मार्च 2020. कोरोनाच्या साथीमुळे रात्री 8 वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या रात्री लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांकडे धावले. खरे तर किराणा, दूध, भाजी आणि औषधांची दुकाने सुरू राहणार, हे सरकारी आदेशात त्याच दिवशी स्पष्ट केले होते. संसर्ग टाळण्यासाठी अंतर ठेवायचे, तर आपण दुकानासमोर खेटून उभे राहिलो!

दुकानदार माल भरतो तो नेहमीच्या खपाच्या अंदाजाने. प्रत्येकाने एकाच दिवशी तिप्पट डाळ नेली, की गोदामात पोती असूनही दुकानाची फळी रिकामी होते. ती रिकामी फळी पाहून आणखी घबराट होते, भावही चढतात. याचा फटका कुणाला बसतो? रोजच्या मजुरीतून पावशेर तेल आणि अर्धा किलो तांदूळ नेणाऱ्या माणसाला. एकदम महिन्याचे सामान भरण्याइतके पैसे त्याच्या हाती नसतात, आणि संध्याकाळी तो येतो तेव्हा माल संपलेला असतो. हे मला फार अन्यायाचे वाटते.

जादा साठा घरातही टिकत नाही. दमट हवेत रव्यात अळ्या होतात, पिठाला जाळी धरते.

म्हणून दोन-तीन आठवडे पुरेल इतके धान्य, डाळ, तेल, मीठ आणि नेहमीची औषधे घरात असू द्या. हा साठा साथ नसतानाच थोडाथोडा करा. शेजारी एकटे वृद्ध राहत असतील, तर त्यांचीही यादी घेऊन जा.